कलकत्ता लीगचा सर्वांत मोठा चॅम्पियन कोण?

सेंटरहाफ

कलकत्ता फुटबॉल लीगवर मराठीत फारसं कुणी लिहीत नाही, म्हणून हा धागा.

१८९८ साली सुरू झालेली ही आशियातली सर्वांत जुनी लीग. पहिला विजेता ग्लॉस्टरशायर रेजिमेंट. तिथून यादी खाली वाचत आलं, तर १९३३ पर्यंत एकही भारतीय नाव दिसत नाही. गोऱ्या पलटणी, नाहीतर कलकत्ता एफसी आणि डलहौसी हे साहेबलोकांचे क्लब. मोहन बागानने १९११ ला ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ हरवून आयएफएची, म्हणजे बंगालच्या फुटबॉल संघटनेची, शील्ड घेतली, सगळा देश हलला, पण लीगचं दार तरीही बंदच. ते किलकिलं झालं १९१४ ला, आणि तेही दुसऱ्या डिव्हिजनचं. पुढे पहिल्या डिव्हिजनमध्ये दोनपेक्षा जास्त भारतीय संघ नकोत असा नियम होता. तो १९२५ ला ईस्ट बंगाल वर आला तेव्हा मोडला.

मग १९३४. मोहमेडन स्पोर्टिंग नुकताच दुसऱ्या डिव्हिजनमधून वर आलेला. आधीची सलग तीन वर्षं डरहॅम लाइट इन्फन्ट्रीने लीग मारलेली. आणि हा नवखा संघ पहिल्याच हंगामात चॅम्पियन! तिथेच थांबले नाहीत. ३५, ३६, ३७, ३८, सलग पाच वर्षं. ३६ ला लीगबरोबर शील्डसुद्धा. १९४० ला दिल्लीत ड्युरँड कप जिंकणारा पहिला भारतीय संघही तोच.

माझ्या मते या लीगच्या इतिहासात १९३४ ते ३८ च्या मोहमेडनच्या तोडीचं दुसरं काही नाही. तुम्हाला काय वाटतं? कारणांसकट लिहा.

रानवारा

पुढच्या रांगेतली खुर्ची धरून ठेवतोय. ईस्ट बंगालवाले येतीलच आता.

लालपिवळा

आलोच.

सेंटरहाफ, मोहमेडनबद्दल पूर्ण आदर आहे. पण १९७० ते ७५ चा ईस्ट बंगाल विसरून कसं चालेल? सलग सहा. १९७२ ची लीग तर एकही गोल न खाता जिंकली. एकही नाही! पावसाळ्यातली लीग, घोट्यापर्यंत चिखल, बॉल कुठे थांबेल आणि कुठे घसरेल याचा भरवसा नाही, आणि अख्ख्या हंगामात गोलकीपरच्या मागची जाळी हलली नाही. शिवाय तेव्हा समोर दुबळे संघ नव्हते. मोहन बागान, मोहमेडन, रेल्वे, पोर्ट, सगळे तगडे.

१९७५ च्या शील्ड फायनलमध्ये बागानला ५-० मारलं तेही याच संघाने. लीगचा सामना नव्हता हे मान्य, पण ताकद कळावी म्हणून सांगितलं.

हिरवामरून

५-० कुणीतरी काढणारच याची खात्री होती. :)

आता बागानच्या बाजूने कुणीतरी बोलायला हवं. १९३९ ची आमची पहिली लीग. त्या वर्षी मोहमेडन आणि ईस्ट बंगालसह काही क्लब आयएफएशी भांडून मधेच बाहेर पडले, म्हणून काही जण ती लीग हलकी धरतात. पण यादीत ६२ ते ६५ ही सलग चार वर्षंही आहेत. चुनी गोस्वामींचा तो काळ. १९५४ पासून ६८ पर्यंत एकच जर्सी. मोठमोठ्या ऑफर आल्या, माणूस हलला नाही. माझ्यासाठी चॅम्पियनपण त्यात आहे. नुसत्या आकड्यांवर जायचं तर आजच ईस्ट बंगालला हार घालून मोकळे व्हा.

कूपरेजची_गल्ली

१९३४ बद्दल एक मुद्दा सेंटरहाफच्या लेखात हवा होता. बूट.

त्या काळात बहुतेक भारतीय संघ अनवाणी खेळायचे. १९११ च्या बागानच्या अकरांतही बूट घातलेला एकटा सुधीर चटर्जी. कोरड्या मैदानावर अनवाणी खेळाडू गोऱ्यांना भारी पडायचे. पायाची पकड, वळण, चपळाई, सगळं त्यांच्या बाजूने. पण लीगचा अर्धा हंगाम पावसात. चिखल झाला की अनवाणी पाय घसरायचे, आणि जूनमध्ये वर असलेला संघ जुलैत खाली यायचा. बागानच्या हातातोंडाशी आलेला घास असा कितीदा गेला असेल. मोहमेडनच्या कारभाऱ्यांनी हे ओळखलं. पावसात बूट घालून खेळायचा सराव करून घेतला, आणि खेळाडूही नुसते कलकत्त्यातले न घेता बंगलोरपासून पार वायव्येकडच्या भागातून आणले. खेळाडू शोधायला देशभर फिरणं आज सगळेच करतात, त्यांनी ते तेव्हा केलं. म्हणून ती पाच वर्षं नशिबाची नव्हती, विचार करून कमावलेली होती.

माझं मत मोहमेडनला.

मैदानवेडी

नोकरीच्या निमित्ताने काही वर्षं कोलकात्यात राहिले. तिथल्या मैदानाबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आपण स्टेडियम म्हणतो तसं काही डोळ्यांसमोर आणू नका. फोर्ट विल्यम किल्ल्याभोवतीचं हे प्रचंड मोकळं मैदान लष्कराच्या ताब्यात आहे, त्यामुळे तिथे पक्कं बांधकाम सहजी करता येत नाही. म्हणून क्लबांच्या कचेऱ्यांना आजही ‘टेंट’ म्हणतात आणि बऱ्याच गॅलऱ्या वर्षानुवर्षं लाकडी फळ्यांच्या. टेंटच्या कँटीनमध्ये स्ट्यू आणि टोस्ट मिळतो. फिकट, पातळ रस्सा, त्यात गाजर, बटाटा, कोंबडीचा एक तुकडा, वर भरपूर मिरपूड. सामना असो नसो, जुने सभासद संध्याकाळी तिथे येऊन बसतात आणि चाळीस वर्षांपूर्वीचा ऑफसाइड होता की नव्हता यावर भांडतात.

ऑफिसातल्या एका वयस्कर सहकाऱ्यांना, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, तिकीट न मिळालेल्यांचं काय व्हायचं ते विचारलं होतं. ते म्हणाले, किल्ल्याच्या बाजूच्या चढावर उभं राहायचं. तिथे पुठ्ठ्याचे पेरिस्कोप विकायला यायचे! लांबट पुठ्ठ्याची नळी, वर-खाली एकेक आरसा तिरका बसवलेला. पुढच्याच्या डोक्यावरून सामना दिसायचा. पाऊस आला की पुठ्ठा भिजून मान टाकायचा, मग पुढचा माणूस ओरडून सांगेल तेवढाच सामना. दादांनी हातवारे करून ती नळी कशी धरायची तेही दाखवलं होतं.

डर्बीच्या, म्हणजे बागान-ईस्ट बंगाल सामन्याच्या, दिवशी बाजारात इलिश मासा आणि चिंगडी. ईस्ट बंगाल जिंकला की इलिश, बागान जिंकला की कोळंबी. पूर्व बंगालातून आलेल्यांचा एक क्लब, इकडच्यांचा दुसरा. फाळणीनंतर ज्यांचं घरदार तिकडे राहिलं, त्यांच्यासाठी लाल-पिवळी जर्सी म्हणजे खेळापलीकडचं काही होतं. दादा स्वतः निर्वासित कुटुंबातले. १९४९-५० च्या लीग ईस्ट बंगालने जिंकल्या तेव्हा कॉलनीत दिवे लागले होते असं त्यांचे वडील सांगायचे.

त्यामुळे माझं उत्तर १९४९-५०. आकड्यांत ते बसणार नाही, ठाऊक आहे.

लालपिवळा

मैदानवेडी, अंगावर काटा आला वाचताना. व्यंकटेश, अप्पाराव, धनराज, अहमद खान, सालेह, हे ‘पंचपांडव’ त्याच काळातले. पाचांतला एकही बंगाली नाही, आणि निर्वासितांच्या क्लबाने त्यांना डोक्यावर घेतलं.

पेठकर

भावांनो आणि भगिनींनो, कोल्हापूरकर आल्याशिवाय फुटबॉलचा धागा पूर्ण होतोय होय?

हे सगळं वाचताना मला आमचं राजर्षी शाहू स्टेडियमच दिसत होतं. आमच्याकडं क्लब म्हणजे तालीम. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, आणि जोडीला शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस. कुस्तीच्या तालमीचं नाव आणि खेळ फुटबॉलचा, असं दुसऱ्या कुठल्या गावात असंल तर दाखवा. माणूस कुठल्या पेठेत जन्मला त्यावर त्याचा संघ ठरतो. लग्न होऊन पोरगी दुसऱ्या पेठेत गेली तरी माहेरचाच संघ. आमच्या वहिनी शिवाजीच्या, दादा पाटाकडीलचे. मॅचच्या दिवशी घरात जेवण वेळेवर मिळालं तर समजायचं बरोबरी झाली.

केएसए म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या लीगचे सामने सुरू झाले की दुपारी दुकानं ओस. या मातीतनंच अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये भारताकडनं खेळला.

कलकत्त्याची लीग लई मोठी, वाद नाही. पण तिथं जसा इकडचे घोटी आणि पूर्व बंगालचे बांगाल, तसा हितं पेठेला पेठ. नाद खुळा.

रानवारा

पेठकर, बरोबरी झाल्यावर जेवायला काय असतं ते नाही सांगितलंत.

पेठकर

तांबडा आणि पांढरा, दोन्ही. बरोबरीच की.

कूपरेजची_गल्ली

आमच्या मुंबईत हारवूड लीग. तिच्यात पेठ नाही, पगार. मफतलाल, टाटा, एअर इंडिया, महिंद्र, रेल्वे, बँका. नोकरी मिळायची म्हणून पोरं खेळायची, आणि खेळायचीही जीव तोडून. पण कंपनीने संघ बंद केला की प्रेक्षकाकडे धरून ठेवायला काही उरत नाही. महिंद्र युनायटेड देशातला अव्वल संघ होता, २०१० ला गुंडाळला. त्याच्यासाठी रस्त्यावर कोण उतरणार? मोहमेडनने चाळीस वर्षं लीग जिंकली नाही तरी माणसं येत राहिली. क्लब आणि कंपनी यांतला फरक हाच.

आगगाडी

कूपरेजच्या या शेवटच्या वाक्यासाठीच लॉगिन केलं. कंपनीच्या संघाला इतकं खाली बसवू नका. धाग्यात इतके प्रतिसाद झाले आणि १९५८ चं नाव कुणी घेतलं नाही!

१९३४ पासून यादी पाहा. मोहमेडन, बागान, ईस्ट बंगाल, पुन्हा मोहमेडन, पुन्हा बागान. तिघांची मक्तेदारी. स्वातंत्र्य आलं, पलटणी गेल्या, तरी या तिघांपलीकडे कुणाची डाळ शिजत नव्हती. ती शिजवली ईस्टर्न रेल्वेने १९५८ ला. सकाळी कामावर जाणारी, दुपारी मैदानावर येणारी माणसं. त्यांच्याकडे पैसे नव्हते, लाखभर पाठीराखे नव्हते, सामन्याआधी खेळाडू पळवून आणणारे कारभारीही नव्हते. होते प्रदीपकुमार बॅनर्जी, म्हणजे पी. के.

पी. के. आधी आर्यन आणि मग रेल्वेकडे खेळले. तिन्ही मोठ्या क्लबांपैकी एकाकडूनही कधी नाही. तरीही १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये भारताचे कर्णधार, १९६२ च्या आशियाई सुवर्णपदक विजेत्या संघात, आणि अर्जुन पुरस्कार मिळालेले पहिले फुटबॉलपटू.

लालपिवळा, आता तुमच्या सहा वर्षांकडे येतो. १९७२ ला ईस्ट बंगालचा कोच म्हणून कोण आलं? पी. के. गोल न खाता जिंकलेली लीग त्यांच्याच हाताखालची. १९७६ ला ते बागानमध्ये गेले, आणि तुमची मालिका त्याच वर्षी तुटली. मोठ्यांची मक्तेदारी ज्याने खेळाडू म्हणून मोडली, त्यानेच पुढे एका मोठ्याला शिखरावर नेलं, आणि दुसऱ्याकडे जाऊन ते शिखर खालीही आणलं. या लीगचा इतिहास एका माणसात शोधायचा तर मी त्यांच्यापाशी थांबेन.

माझं मत ईस्टर्न रेल्वे, १९५८.

हिरवामरून

वा आगगाडी, वा! आणि १९७६ ची ती डर्बी. किक-ऑफ झाला आणि सतराव्या सेकंदाला हैदराबादच्या अकबरने गोल मारला. लोक अजून जागेवर बसतच होते. त्या एका गोलवर सामना जिंकला, आणि लीगही आमची.

लालपिवळा

पी. के. गेले नसते तर सलग सात झाल्या असत्या असं मी आजही मानतो. सातवी सलग लीग मिळायला मग २०१६ उजाडलं. २०१० ते १७ आठ सलग. तीही मोजा की.

सेंटरहाफ

लालपिवळा, त्या आठ मोजतोच, पण त्यांचं वजन सारखं नाही. २०१० पर्यंत बागान आणि ईस्ट बंगाल दोघांचंही लक्ष राष्ट्रीय आय-लीगकडे गेलं होतं. कलकत्ता लीग ही हंगामाच्या सुरुवातीची तयारी झाली. १९७२ ला लीग हातची गेली तर वर्ष फुकट गेलं असं वाटायचं.

लालपिवळा

हे अर्धंच खरं. तयारी म्हणून का होईना, समोरचा संघही तेवढ्याच तयारीने येत होता. आठ वर्षं एकदाही पाय न घसरणं सोपं नसतं. खेळाडू बदलले, कोच बदलले, क्लबची आर्थिक ओढाताण झाली, तरी लीग हातची जाऊ दिली नाही. छोट्या संघांनी मोठ्यांच्या नाकी नऊ आणणं हेच तर या लीगचं वैशिष्ट्य.

अर्धवेळ_रेफरी

कुणी १९८० वर लिहिलं नाही. यादीत त्या वर्षासमोर विजेता नाही, आणि का नाही हे नव्या वाचकांना कळायला हवं.

१६ ऑगस्ट १९८०, ईडन गार्डन्स, लीगची डर्बी. मैदानावर धसमुसळा खेळ, दोघांना बाहेर काढलं, आणि त्याचा भडका गॅलरीत उडाला. दोन्ही बाजूंचे पाठीराखे एकाच स्टँडमध्ये शेजारी शेजारी बसवलेले. मारामारी, धावपळ, चेंगराचेंगरी. सोळा जण गेले. बहुतेक तरुण पोरं, सामना पाहायला घरून निघालेली. लीग तिथेच थांबली.

आजही १६ ऑगस्टला कोलकात्यात त्यांच्या स्मरणार्थ रक्तदान शिबिर होतं, आणि बागानचा-ईस्ट बंगालचा असा भेद न करता लोक रक्त देतात. मी जिल्हा पातळीवर शिट्टी वाजवतो. चौथ्या मिनिटाला एखादा आडदांड टॅकल सोडून दिला तर ऐंशीव्या मिनिटाला गॅलरीत काय होऊ शकतं, हे या सामन्याच्या वर्णनांतून मी शिकलो. कार्ड लवकर काढतो म्हणून शिव्या खातो, खाईन.

मैदानवेडी

दादा त्या दिवशी ईडनवर होते. त्या विषयावर ते एवढंच म्हणायचे की घरी चालत गेलो. पुढचं कधी विचारलं नाही.

पेठकर

रेफरीसाहेब, बरोबर बोललात. गॅलरीतल्या दंग्यापायी सामने बंद पडलेले आम्हीपण बघितलेत. पेठेचा अभिमान पायजेच, पण पोरगं धड घरी आलं पायजे.

नवखा_विंगर

मी २००३ चा, त्यामुळे ७० चं दशक मला फक्त वाचून माहीत. पण २०१९ मी मोबाइलवर फॉलो केलं होतं. पीअरलेस! बागानला सुरुवातीलाच ३-०, पुढे ईस्ट बंगाललाही हरवलं, आणि शेवटी चॅम्पियन. त्यांचा स्ट्रायकर क्रोमा काय खेळला होता. तिघांबाहेरचा विजेता थेट १९५८ नंतर, ६१ वर्षांनी. आगगाडी यांच्या तर्काने पाहिलं तर पीअरलेसलाही तेवढाच मान द्यायला नको का?

आणि २०२१ ला मोहमेडन. १९८१ नंतर पहिल्यांदा. फायनलमध्ये रेल्वेला १-० हरवलं. मग २२ आणि २३ पण.

आगगाडी

द्यायला हवा, नक्कीच. पीअरलेस जिंकला त्या संध्याकाळी मला १९५८ चीच आठवण झाली, आमच्या घरात रेल्वेची नोकरी दोन पिढ्यांची. फरक एवढाच की ५८ ला तिन्ही मोठे आपला सर्वोत्तम संघ घेऊन उतरायचे आणि लीग हेच त्यांचं सर्वस्व होतं.

कूपरेजची_गल्ली

२०२१ ला बागान आणि ईस्ट बंगाल लीगमध्ये उतरलेच नाहीत हेही लिहायला हवं. इंडियन सुपर लीगमुळे (आयएसएल) आता मोठ्या क्लबांची राखीव पोरं लीग खेळतात. २०२४ चा निकाल तर मैदानावर लागलाच नाही, डायमंड हार्बर आणि ईस्ट बंगालचा वाद कोर्टापर्यंत गेला. सव्वाशे वर्षांच्या लीगचा विजेता वकिलांच्या हातात जावा, याचं मनापासून वाईट वाटतं.

नवखा_विंगर

राखीव पोरं खेळतात हे मला वाईट वाटत नाही. माझ्या वयाच्या मुलांना एवढ्या गर्दीपुढे खेळायला दुसरीकडे कुठे मिळतं? आयएसएलमध्ये बाकावर बसण्यापेक्षा बराकपूर, नैहाटीला नव्वद मिनिटं चिखलात धावणं चांगलं.

अर्धवेळ_रेफरी

+१. हा मुद्दा पटला.

सेंटरहाफ

सगळ्यांचं वाचून मूळ प्रश्नाकडे येतो. माझं मत अजून १९३४ वरच आहे, पण आगगाडींनी एक गोष्ट पक्की केली: चॅम्पियन मोजताना त्याच्यासमोर कोण उभं होतं आणि त्याच्याकडे काय नव्हतं, हे आधी पाहायचं. मोहमेडनसमोर पलटणी होत्या, पाऊस होता. मैदानवेडींनी १९४९-५० का निवडलं हेही आता नीट कळतं.

एक माहिती हवी आहे. मोहमेडनच्या ३४ च्या संघातले खेळाडू पुढे काय करत होते यावर कुणाकडे जुने बंगाली क्रीडा मासिकांचे अंक असतील तर सांगा. बंगाली वाचणारे कुणी आहे का इथे?

मैदानवेडी

मी वाचते, सावकाश. दादांकडे अंकांचे गठ्ठे आहेत. त्यांच्या मुलाला फोन करून फोटो पाठवायला सांगते. मिळाले की इथेच टाकेन.

पेठकर

आणि मी कोल्हापूरच्या लीगचा वेगळा धागा काढतोय. विजेत्यांची सलग यादी एका जागी करायची आहे. ज्यांच्या घरात वर्तमानपत्रांची जुनी कात्रणं, शाहू स्टेडियमवरच्या सामन्यांचे फोटो असतील त्यांनी साल आणि दोन्ही संघांची नावं लिहून टाका. शिवाजीवाले, पाटाकडीलवाले, सगळे या. फक्त स्कोअरवरनं भांडायचं असंल तर कात्रण सोबत आणायचं.